न धुतलेली शाल

सोमवार, ३ तारीख
लागले एकदाची नोकरीला! सरकारी कचेरीच्या तळमजल्यावरचं पाळणाघर. वर आया फायलींशी झटापट करतात, खाली त्यांची पोरं आमच्याशी. मुख्य म्हणजे चिंगीला बरोबर नेता येतं. लेक दिवसभर डोळ्यांसमोर. इथल्या जुन्या मावशींनी पद्धत सांगितली: प्रत्येक आई अंगावरचं एखादं न धुतलेलं कापड पाळण्यात ठेवून जाते. त्या वासानं बाळ झोपतं. चिंगीला कशाला, म्हटलं, तिची तर अख्खी आईच हाताशी आहे. ऐट आहे बाई एकेकीची, म्हणाल्या मावशी.

बुधवार, ५
मावशी रजेवर. खिडकीजवळच्या रिकाम्या पाळण्यात एक कुबट राखाडी शाल होती. साबणात भिजवून खसाखसा धुतली. नव्यासारखी निघाली!

गुरुवार, ६
धुतलेली शाल नाकाशी धरून मावशी सांगू लागल्या. वरच्या लेखा विभागात एक कारकूनबाई होत्या. त्यांचं बाळ त्या पाळण्यात झोपेतच गेलं. मागोमाग त्याही गेल्या. पण जेवणाच्या सुट्टीत अजून येतात, मावशी म्हणाल्या. शालीला बाळाचा वास होता, त्यावरून पाळणा ओळखायच्या. आपण तिकडे बघायचं नाही, बसू द्यायचं बिचारीला घटकाभर.
मी हसणार होते.
दुपारी तो पाळणा हलला नाही. शेजारचा हलला. मग त्याच्या पुढचा. कुणीतरी प्रत्येकापाशी थांबून, वास घेऊन, पुढे सरकत होतं. चिंगीचा पाळणा शेवटचा. त्यात कुणाचंच कापड नाही.
तो हलायचा थांबेचना.

शुक्रवार, ७
माझा स्वेटर चिंगीच्या उशाशी ठेवला. सुट्टीनंतर पाहिलं तर ओला. साबणानं धुतलेला, पिळलेला, नीट घडी घातलेला.
चिंगी माझं दूध घेत नाही. पोट भरलंय तिचं.

सोमवार, १०
नोकरी सोडली. घरीच आहोत. नवरा म्हणतो, दात येत असतील. मी उचललं की अंग ताठ करते, परक्या बाईकडे दिल्यासारखी.

मंगळवार
कपाटातले माझे सगळे कपडे ओले. मावशी भेटायला आल्या. खूप रडल्या. म्हणाल्या, तिच्यावर रागावू नकोस गं, तिला किती वर्षांनी—

बुधवार
रागावता येत नाही. रात्री चिंगीपाशी ऐकू येते त्या अंगाईचा आवाज इतका मायेचा—
माझ्या हाताला वास नाही. मानेला नाही. नुसता साबण.
चिंगी हसतेय. हात पसरलेत. मी समोर बसलेय, पण बघतेय ती माझ्या आरपार, माझ्यामागे, जिथे—