लिव्हर वाचवण्याची माझी योजना

१० मार्च, सोमवार
केजला स्किनच्या डॉक्टर शाईस्ता मॅडमना दाखवलं. कमरेवर गजकर्णाचे चट्टे सात. मी पाच सांगितले होते, त्यांनी मोजले. वर्षभर अल्ताफच्या मेडिकलमधून आणून लावत होतो ती ट्यूब बंद. तिच्यात स्टिरॉइड आहे म्हणे. खाज झोपते आणि बुरशी पसरते. आता रोज एक कॅप्सूल, जेवल्याबरोबर, सहा आठवडे. टॉवेल वेगळा. लेक उज्ज्वला बाळंतपणाला आलीय म्हटल्यावर म्हणाल्या, चट्टे जाईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही.
हरकत नाही. बारशाला नातवंड माझ्याच मांडीवर असेल. पंचायत समितीच्या दोन निवडणुका लढवलेला माणूस बुरशीला भीत नसतो.

त्याच दिवशी, दुपारी ४
औषधाच्या खोक्यातला कागद वाचला. वाचायला नको होता. 'लिव्हर' चार वेळा. डोळे पिवळे होणे. भूक मरणे. हातापायाला मुंग्या. मुंग्या आल्यासुद्धा. कॅप्सूल अजून घेतलेली नाही.

११ मार्च
घेतली. पण नियोजन करून. आधी गॅसची गोळी, मग जेवण, मग कॅप्सूल, वरून ॲसिडिटीचं गुलाबी सिरप दोन झाकणं. पोटाला अस्तर. औषध लिव्हरपर्यंत नरमाईनं जाईल. मॅडमना हे सुचलं नाही.

१४ मार्च, सकाळी ७
आरशात डोळे पिवळे! गाडी चालवणाऱ्या बजरंगला बोलावून डोळे दाखवले. तो म्हणाला, तुमी म्हनाल तसं, आण्णा. बायको विमल म्हणाली, हळदीच्या हातानं आरसा म्याच पुसला.
तरी झाकणं तीन केली.

२३ मार्च
चट्टे आठ. औषध आतली बुरशी बाहेर ढकलतंय. विमलनं विचारलं, ते गुलाबी कावून पेता, मॅडमला इचारलंय का? मी म्हटलं, बायकांना औषधशास्त्र कळत नाही. मॅडम बाई आहेत हे नंतर लक्षात आलं.

३ एप्रिल
नात झाली! तीन किलो. काचेतून पाहिली. एकदम भीती वाटली, हिला घेण्याआधीच लिव्हर गेलं तर? झाकणं चार.

९ एप्रिल
उज्ज्वला आंघोळीला, विमल स्वयंपाकघरात. पोरगी रडायला लागली. कुणीतरी घ्यायलाच हवी होती. मी माझा टॉवेल कमरेला घट्ट गुंडाळला, म्हणजे संपर्क नाही, आणि घेतली. दीड मिनिट. तिनं माझं बोट धरलं. कुणाला सांगायचं नाही.

१६ एप्रिल
रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हर ठणठणीत! लॅबवाला म्हणाला, विशीतल्या पोरासारखं. केजला जाऊन मॅडमच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला. त्यांनी कमर पाहिली. चट्टे अकरा. विचारलं, गोळी कशी घेता? मी अभिमानानं सगळी योजना सांगितली.
मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ही कॅप्सूल पोटातल्या ॲसिडमध्येच विरघळते. तुम्ही ॲसिडच मारलंत. औषध अंगाला नीट लागलंच नाही, तर लिव्हरला काय करणार?
म्हणजे पाच आठवडे मी फक्त सिरप पीत होतो. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. बारशाला हात लावायचा नाही.

१८ एप्रिल
बारसं. नाव संस्कृती. मी दाराशी खुर्चीवर. झबलं बदलताना विमलला बाळाच्या मांडीवर लाल गोल दिसला, आठ आण्याएवढा. बायका म्हणाल्या, डास चावला आसंल. मी ओळखला. असे अकरा माझ्या अंगावर आहेत.
इतके दिवस घाबरलो ते सगळं खोटं होतं. आज खरं घाबरलो. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दीड मिनिट, टॉवेल, सगळं. विमलनं कपाळावर हात मारला. उज्ज्वला बाळाला उचलून आत गेली आणि मॅडमना फोन लावला. बाळाला गोळी लागायची नाही, मलमानं जाईल, उद्या आणा, असं त्या म्हणाल्या. आण्णांना आणू नका, असंही म्हणाल्या.

त्याच दिवशी, दुपारी ३
पोटभर जेवलो. कॅप्सूल घेतली, वर नुसतं पाणी. सिरपची बाटली मोरीत ओतली. विमलनं माझा टॉवेल उकळायला ठेवलाय. आत पोरगी रडतेय. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.