दोन श्वासांची जागा

धानोरा, मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलं आहे. डोंगरावरचा आपला रिपीटर, म्हणजे वायरलेसचा आवाज लांबवर पोचवणारं यंत्र, इंटरनेटला जोडला, तेव्हापासून शहरातले हौशी वायरलेसवाले त्यावर अँटेनाच्या गप्पा हाणत बसतात. त्यावर एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून नियम असा की बोलून झाल्यावर दोन श्वास थांबायचं, म्हणजे अडचणीतल्या माणसाला मधे शिरता येतं. फक्त दोन श्वास! थांबतील तर शपथ.

आज सकाळी देवाजीभाऊ जंगलातल्या गावातून वायरलेसवर गाडी मागत होते. सुनेला कळा सुरू होत्या. त्यांना मधे शिरताच आलं नाही. सुनेला खाटेवरून दवाखान्यात नेताना पोर वाटेतच झालं. बाळ-बाळंतीण बरी आहेत, पण काही झालं असतं तर?

संध्याकाळी ते सांगायला आले, तेव्हा मी भडकलो. "कोण बोलून राह्यला होता इतका? नाव सांगा त्याचं!"

ते खाली बघत म्हणाले, "तुमीच, भाऊ. कोणाले तरी केबल जोडाले शिकवून राह्यले होते."