अलीझानं वाचवलेला पाठ

लातूर, १२ जानेवारी १९९९

ती. मायला बुद्धप्रियाचा प्रेमाचा जयभीम.

काळजी करू नको, मी वेळेवर जेवते. धाकटा प्रेम तुला हे वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, मधलं काही गाळू नको.

बी.एड.चा शेवटचा पाठ परवा झाला. आमचं कॉलेज आम्हाला पाठ घ्यायला जिल्हा परिषदेच्या शाळेत धाडतं. भूकंपानंतर उभारलेल्या त्या पत्र्याच्या वर्गात दरवर्षी नव्या शिकाऊ बाई येतात. म्हणून पोरांना आमचे पाठ आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

परीक्षक मागच्या बाकावर बसले आणि मी घाईघाईनं थेट धडाच वाचायला लागले. आज काय शिकायचं, ते वर्गाला आधी सांगावं लागतं. त्याला हेतुकथन म्हणतात. गेल्या वर्षी मी तेच विसरून नापास झाले होते. यंदाही विसरले!

पाचवीतली अलीझा हात वर करून उठली. "बाई, हेतुकथन न्हाई केलं तुमी. मार्क कापतेत!"

परीक्षकांना हसून हसून चष्मा पुसावा लागला. जाताना म्हणाले, "वर्गानंच तुम्हाला पास केलंय."

मग अलीझानं मला धीर दिला, "मागच्या बाई तर लई रडल्या." आणि हळूच विचारलं, "पास झाल्या की समद्या खाजगी क्लासमधी शिकवायला जातेत. तुमी बी?"

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना क्लासचीच नोकरी पसंत, ठाऊक आहे. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी अर्ज भरलाय. त्यांचं जेवण झाल्यावर तूच सांग.

हे या पत्राचं हेतुकथन. शेवटी केलं म्हणून मार्क कापू नको.

तुझीच,
बुद्धप्रिया