ताईच्या ट्रंकेतल्या दोन कोऱ्या

डहाणू,
रविवार सकाळ

तीर्थरूप विष्णूभावोजी यांच्या चरणी धाकट्या मेहुणीचा नमस्कार पोचावा.

आधी तब्येत. तुमचा गुडघा काय म्हणतो, साखर उतरली का, आणि कानाचं यंत्र तुम्ही कानात घालता की ते अजून डबीतच पडून आहे, हे कळवावं. (डबीतच असणार. ते घातलं की जयश्री काय बोलते ते ऐकू येतं, ही तुमची अडचण मला मान्य आहे.) तुमच्या वेवजीला यंदा चिकूचा बहार गळाला असं ऐकलं, वाईट वाटलं. मी इकडे खुशाल आहे असं या ठिकाणी लिहायचं असतं. मी खुशाल नाही. माझा उजवा हात खांद्यापासून करंगळीपर्यंत बधिर होतो. अक्षर वाकडं आलं तर म्हातारपणावर ढकलू नका, कारण वेगळं आहे आणि तेच सांगायला हे पत्र आहे.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. भावोजी, तुम्ही ओटीवर बसून फोन स्पीकरवर लावता. मागे मी तुम्हाला माझ्या पोटाची तक्रार सांगत होते, तेव्हा रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या कुणा गृहस्थाने थांबून मला इसबगोल सुचवलं. आजचा विषय त्या गृहस्थांना झेपणारा नाही. तेव्हा हे पत्र कृपा करून एकट्याने वाचा. घरात नको, गोठ्यात वाचा. तुमची गाय कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली नाही, ती कुणाला सांगणार नाही.

मला ताईच्या ब्रा हव्या आहेत.

लिहिलं एकदाचं. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी उभा जन्म काढला, आलेल्या-गेलेल्या प्रत्येक साहेबाच्या मसुद्यातल्या चुका त्याच्या तोंडावर काढल्या, पण हे एवढं वाक्य लिहायला बरेच कागद फाडावे लागले. तुमच्या खोलीत पलंगाखाली जी हिरवी ट्रंक आहे, तिच्यात तळाशी, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या दोन कोऱ्या ब्रा आहेत. ताईनं आजारी पडायच्या आधी शिवून ठेवल्या होत्या, मला तिनं दाखवल्या होत्या. येत्या पंधरवड्यात तिचं वर्षश्राद्ध. जयश्री मला मध्यंतरी फोनवर म्हणाली की साड्या तर तेराव्यालाच वाटल्या, आता वहिनींचे आतले कपडे तेवढे राहिलेत, त्यांचं गाठोडं करून धाकट्या डहाणूच्या खाडीत सोडून देऊ. मी म्हटलं, अगं, सगळंच कशाला? तर ती म्हणाली, "मावशी, गेलेल्या बाईचं आतलं कुणी अंगाला लावत नाहीत. लावलं तर तिचं दुखणं लागतं." हे तिनं अशा आवाजात सांगितलं की जणू सरकारी परिपत्रक निघालं आहे. (सून नव्हे, नात्याने माझ्या बहिणीची जाऊ, तरी मला मावशी म्हणते. मीही म्हणू देते.) तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्हाला वाटेल, डहाणूत काय दुकानं नाहीत? आहेत, भावोजी. दुकानांची गोष्टही ऐका.

आमच्या आईकडून आम्हा दोघी बहिणींना शेत मिळालं नाही, सोनं मिळालं नाही, हे मिळालं. मी आठवीत असताना माझी छाती एवढी भरली की कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला ड्रिलच्या रांगेत सगळ्यात मागे उभं केलं आणि उड्या मारायच्या वेळी मला नुसतं उभं राहायला सांगितलं. बाकीच्या मुली उड्या मारत आणि मी खांबासारखी. "भारती, विनय शीक, देव तुझ्याकडे बघतो आहे," असं त्या म्हणत. बघत होता तर एखादं मापाचं काही धाडायचं होतं. विनय म्हणजे पाठीला पोक काढून चालणं, हे मी तिथे शिकले, आणि ते पोक अजून माझ्याजवळ आहे. इंग्रजी व्याकरण आणि पोक, दोन्ही पक्की.

ताईला चांगलं शिक्षण मिळालं नाही म्हणून तिचं डोकं शाबूत राहिलं. ती शिवण शिकली. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात मोठ्या दोन ब्रा आणायची, दोन्ही उसवायची, त्यातून एक करायची. कटोरीच्या खाली मांजरपाटाची रुंद पट्टी, पाठीला दुहेरी कापड, खांद्याचे पट्टे दोन बोटं रुंद. दिसायला ती चीज घोड्याच्या खोगिरासारखी दिसायची हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. "घोडीला चालेल ना?" म्हणाली. आणि चालायची, भावोजी. ती घालून मी वाकू शकत असे, वरच्या फळीवरचं दप्तर काढू शकत असे, बसमध्ये दांडा धरून उभी राहू शकत असे. आमची मापं एकच, म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी पट्ट्याच्या आत ती दोऱ्याची गाठ घालायची. माझ्यात लाल, तिच्यात निळी. तुमच्या दोरीवर वाळत घातलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. (पाहिल्या नसतील तर तुम्ही फारच सज्जन आहात. वर टॉवेल टाकलेला असायचा.)

ताई गेली आणि माझ्याजवळच्या एकेक करून संपल्या. शेवटचीचा हूक ग्रंथालयाच्या बैठकीत, अध्यक्ष आभार मानत असताना, तुटला. आवाज झाला. मी उरलेला वेळ हाताची घडी घालून बसले, आणि अध्यक्षांना वाटलं मी त्यांच्यावर रागावले आहे. गैरसमज तसाच राहू दिला.

मग मी पांड्याशेठच्या दुकानात गेले. तिथे पुरुषच उभे असतात, विकायलाही आणि विकत घ्यायलाही. आपल्याकडे कुठलीही बाई अशा दुकानात स्वतःसाठी काही मागत नाही हे तुम्हाला माहीत नसेल. बहिणीसाठी मागते. मी ताईच्या नावावर मागायची, ताई माझ्या नावावर, दुकानदारालाही ते माहीत असतं आणि सगळ्यांची अब्रू राहते. इतक्या वर्षांची सवय. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "शेठ, बहिणीसाठी दाखवा, मोठ्यातली मोठी."

पांड्याशेठचा हात खोक्यावर तसाच राहिला. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बेन, मनाला नका लावून घेऊ, पण जमनाबेन तर ऑफ थई गया ने? मी आलो होतो ना भेटायला."

दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणावं? मी म्हटलं, हो, गेली. ते म्हणाले, "पाणी पिशो?" मी पाणी प्यायले. मग बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. तोवर मी ताईसाठी रडले नव्हते, भावोजी, तुम्हाला माहीत आहे. स्मशानातून तुम्ही परत आलात तेव्हा मी चहाचे कप मोजत होते. त्या दिवशी डहाणूच्या भर बाजारात, एका रिकाम्या पिशवीसकट, रडले. पांड्याशेठ काउंटर सोडून पायरीवर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत राहिले, "बेनची बहीण गेली." जणू सकाळीच गेली.

त्यानंतर उंबरगावला गेले. गुजरातेत माल चांगला मिळतो म्हणतात. तिथल्या मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "आंटी, आ उंमरे गाऊनज पहेरो ने," म्हणत गाऊन दाखवला. या वयात आधाराची गरज काय, असं तिला म्हणायचं होतं. मी तिला विचारलं, तुझ्या घराचे खांब म्हातारपणी काढून टाकतात का? ते तिला समजलं नाही. मग मोबाइलवरून मागवली. तिथे इंचांचा एक तक्ता असतो, त्यातला आकडा वेगळा आणि अक्षर वेगळं. मी कचेरीत दुष्काळाच्या पैसेवारीचे तक्ते केले आहेत, तेही याच्यापेक्षा सरळ होते. आलेल्या वस्तूत घेर एवढा होता की माझ्याबरोबर खुर्चीही मावली असती आणि कटोऱ्या अशा की आपल्या वाडीतले चिकूसुद्धा आत बसायला नाही म्हणाले असते. ज्यांनी ती शिवली त्यांच्या मते लठ्ठ बाई म्हणजे मोठा नळा आणि त्याला दोन गुंड्या.

शेवटी तळासरीला संगिताकडे गेले. बाई हुशार आहे, ब्लाउज उत्तम शिवते. तिला मी माझी जुनी नमुना म्हणून दिली. तिनं अगदी तशीच शिवली. ताणून सैल झालेली तशी सैल, एका बाजूनं उतरलेली तशी उतरलेली. दोष तिचा नाही, तिनं समोर ठेवलं ते केलं. ती म्हणाली, "मॅडम, कोरी असती नवी, तर उसवून कापड पसरून कापलं असतं." आणि तेव्हा मला हिरवी ट्रंक आठवली.

हात दाखवायला डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले मानेची शीर दबते आहे, खांद्यावर वजन येतं, वजन कमी करा. कुठलं, असं मी विचारलं. ते कागदाकडे बघू लागले. पुढे म्हणाले, आधार नीट मिळाला नाही तर हातातला जोर परत येईलच असं सांगता येत नाही. आता कप सुटतो. कुलपाची किल्ली फिरत नाही. मी एकटी राहते, किल्ली मलाच फिरवायची आहे.

एक सांगायचं राहिलं आहे. तुम्हाला सांगावं की नाही हे मी वर्षभर ठरवते आहे. ताईला शेवटी आंघोळ घातली तेव्हा तुम्ही पुरुष मंडळी अंगणात होता. आत आम्ही बायका होतो. तिच्या अंगावर काही उरलं नव्हतं, तुम्हीच तिला उचलून बाहेर न्यायचात, तुम्हाला ठाऊक आहे. पण दोन्ही खांद्यांवरच्या खाचा तशाच होत्या. मांस गेलं आणि खाचा राहिल्या. पाणी ओतलं की त्यात थोडं साचायचं. मी पदरानं टिपलं. तशाच माझ्याही आहेत. म्हणून म्हणते, दुखणं लागायचंच असतं तर ते मला आधीच लागलेलं आहे, खाडीला विचारायची गरज नाही.

तेव्हा गाठोडं बांधायच्या आधी तेवढ्या दोन काढून ठेवा. एक मी घालीन, एक संगिता उसवेल. गाठोडं हलकं वाटलं तर तुमचा एखादा जुना बनियन आत घाला, खाडीला फरक कळत नाही. गुडघ्याला तेल लावत जा. यंत्र कानात घाला.

तुमची मेहुणी,
भारती

ता. क. : ट्रंकेत दोन नसून एकच निघाली तर घरात कुणाला विचारू नका. मागच्या मासिक श्राद्धाला जयश्री पानं मांडायला वाकली तेव्हा तिच्या ब्लाउजच्या गळ्यातून दोन बोटं रुंद पट्टा आणि निळी गाठ मला दिसली. मी डोळे वर केले तर तीही माझ्याकडे बघत होती. दुसऱ्याच दिवशी तिनं फोन करून मला ते दुखणं लागण्याचं सांगितलं. तीही आता आमच्याच वजनाची झाली आहे आणि तिला तर बहीणही नाही, दुकानात कुणाचं नाव घेणार? वर मी तिच्याबद्दल जे लिहिलं ते खोडत नाही, पण खरं मागणं हे आहे की ती उरलेली एक तिच्याच हाती पाठवा. मला काही कळलं आहे असं सांगू नका. भारतीला एकटीनं तळासरीला जाता येत नाही, हात धरायला कुणीतरी हवं, एवढंच सांगा. संगिताकडे आम्ही दोघींची मापं एकदमच देऊ. मी म्हणेन तिच्यासाठी, ती म्हणेल माझ्यासाठी.

आणखी एक ता. क. : ट्रंकेत वरच एक लहान, पांढरी, लेसवाली मिळेल. ती ताईची नाही असं तुम्हाला वाटेल. ताईचीच आहे. दवाखान्यातून दुसऱ्यांदा घरी आली तेव्हा मी पांड्याशेठकडून आणली होती, सरळ खोक्यातून काढलेली. ती घालून ताई आरशासमोर उभी राहिली आणि एवढी खूश झाली, म्हणाली, "बघ गं भारती, शेवटी मिळाली आपली साईज बाजारात." मीही हसले. ती मला पाठवू नका. ती खाडीत जाऊ द्या, आणि ओहोटीला सोडा, म्हणजे परत येणार नाही.