कातरण

२ नोव्हेंबर
आले एकदाची. पेटी खाटेखाली सरकवली आणि जीव भांड्यात पडला. धाकट्या भावाचं घर म्हणजे खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्या, मधे कुरकुरणारा लाकडी जिना. दुकानात सरस उकळत होता. त्याचा असा काही भपकारा आला, की उंबऱ्यातच मी नाक मुरडलं. धाकटा म्हणाला, आक्का, तुझं नाक अजून तुझ्याआधी घरात पोचतं. कंपवातानं त्याचा चेहरा पूर्वीसारखा हलत नाही, हसू नुसतं डोळ्यांत दिसतं. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत राहतो, जणू काही वळतोय. जीभ मात्र शाबूत आहे. माझा नवा निळा स्वेटर पाहून म्हणाला, एवढ्या खिशांत संसार मावेल.

मला सोडायला आलेल्या भाच्यानं, धाकट्याच्या मुलानं, निघताना मला बाजूला घेतलं. वाचनालयाची पुस्तकं महिनाअखेर नीट बांधून झाली, तर दुकान राहील. नाहीतर बाबांना वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, आत्या, माझाही नाइलाज आहे, म्हणाला. मी म्हटलं, मी काय इथं शोभेला आलेय?

५ नोव्हेंबर
शाळा चौथीत सुटली, पण शिकायचं सोडलं नाही. आज शिलाई शिकले. सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. फर्मे एकावर एक लावायचे, दोऱ्यानं एकमेकांत गुंतवायचे, पाठीला सरस, मग पुठ्ठा. धाकटा स्टुलावर बसून हुकूम सोडतो, मी टाके घालते. म्हणतो, चाळीस वर्षं तू मला ओरडलीस, आता माझी पाळी.

बाकाखाली कागदाच्या कातरणाचा ढीग साचला होता. सारा झाडून काढला. घर कसं मोकळा श्वास घ्यायला लागलं.

९ नोव्हेंबर
धाकट्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. मी विचारत सुटले, त्या बिचाऱ्या सांगत बसल्या. मेंदूत राखण आणि झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. एरवी फार गुणी, मेलेलं-बिघडलेलं उचलून नेतात. कंपवातात मेंदूच्या खोल एका भागातल्या पेशी मरू लागतात, आणि हालचालीला लागणारं रसायन आटतं. झाडणाऱ्या पेशी मदतीला धावतात, चिडतात, तिथं दाह सुरू होतो. तो वेळेत शमला तर ठीक. शमला नाही, तर झाडता झाडता धडधाकट पेशींनाही झळ लागते. आधी दाह की आधी पडझड, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही म्हणाल्या. रोग एकापासून दुसऱ्याला लागत मात्र नाही.

मी विचारलं, मग त्यांना पुरे झालं असं सांगतं कोण? त्या हसल्या. तेच तर सगळे शोधताहेत, म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर
धाकटा आज सहज बोलून गेला, की दुपारी मी जरा आडवा झालो की एक बाई दुकान झाडून जाते. बोलत नाही. कामाला चांगली आहे. मी म्हटलं, पगार किती मागते ते विचार. या आजारात, कधी गोळ्यांनीही, नसलेली माणसं दिसतात हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. मी मनावर घेतलं नाही.

सरसाचा वास आता जाणवतही नाही. अंगवळणी पडला.

१९ नोव्हेंबर
एका पुस्तकाला पाचवा फर्मा नाही. काल मी स्वतः लावून ठेवला होता. चौथ्यावरून एकदम सहावा. सगळं दुकान पालथं घातलं. जमीन आरशासारखी लख्ख, कागदाचा कपटा नाही.

धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, ती बाई आता चांगले फर्मेही नेते. आधी फक्त कातरण न्यायची.

२२ नोव्हेंबर
समोरचा शिंपी धावत आत आला आणि त्यानं शेगडी बंद केली. सरस जळून भांड्याला कोळसा झाला होता. धूर जिन्यापर्यंत. तो म्हणाला, आजी, पलीकडच्या गल्लीत वास जातोय, तुम्ही शेजारी बसून काय करताय? धाकट्याला वास कधीचाच येत नाही. पण मी — शेगडीकडे पाठ करून शिवत होते. हातभर अंतरावर.

वर जाऊन साबण हुंगला. मग रॉकेल. मग कांदा चिरून नाकाशी धरला.

काही नाही.

धाकट्याचंही असंच सुरू झालं होतं. हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी. पण सर्दीनंही वास जातो. वयानंही जातो. भाच्याला यातलं कळता कामा नये. दोघंही अंथरुणाला, असं दिसलं तर धाकट्याला उद्याच नेतील.

२५ नोव्हेंबर
आणखी तीन पुस्तकं पोकळ. पुठ्ठा घट्ट, आत पानं नाहीत. दुपारभर दाराला कडी होती. मी बाकावर बसून डोळ्यात तेल घालून पाहत होते. कुणी आलं नाही. तरी जमीन झाडलेली.

धाकट्याला म्हटलं, ती बाई दिसते कशी ते नीट सांग. तो सांगेना. खोदून विचारलं तेव्हा इतकंच म्हणाला, की तिला निळा स्वेटर आहे, मोठ्या खिशांचा. आणि माझ्याकडे पाहिना.

२७ नोव्हेंबर
मोजे काढायला पेटी उघडली. मोज्यांखाली फर्मे. पाचवा, अकरावा, सगळे. नीट घडी घालून दोऱ्यानं बांधलेले. गाठ दुहेरी. तशी गाठ या घरात मीच मारते.

मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही.

२८ नोव्हेंबर
फर्मे परत लावले. दिवसभर शिवलं. झाडू शिंप्याकडे देऊन आले. तो म्हणाला, आजी, काल पण देऊन गेलात, आणि परत घेऊन गेलात.

धाकटा म्हणतो, आक्का, तुझं अक्षर मुंगीएवढं झालंय, माझंही आधी असंच झालं होतं.

२९ नोव्हेंबर
उद्या भाचा येईल. पुस्तकं तयार. सगळी. मी मोजली — धाकट्यानं मोजली, माझ्यावर त्याचा —

माझा अंगठा बोटांवर फिरतोय. फिरू देत नाही, तरी.

तो म्हणाला, आक्का, तू वाईट नाहीस. तू मदतीलाच आलीस. फक्त आता थांब. मीच त्याला म्हटलं, मला जिन्याच्या कठड्याला बांधून ठेव. त्याच्या हातांनी गाठ बसेना. दोघं रडलो. मग हसलो.

३० नोव्हेंबर
सकाळ. धाकटा झोपलाय. गाडी थांबल्याचा आवाज, भाचाच असेल. पुस्तकं बाकावर रचलेली, किती सुंदर दिसतात. धाकट्याचं घर वाचलं.

बाकाखाली थोडं कातरण आहे. असं भाच्याला दिसायला नको. कडेची पुस्तकंही जरा सैल, जुनी, आत काहीबाही — झाडू इथंच आहे, बरं झालं. एवढं पटकन काढून टाकते, मग पुढचं लिहि—