तनुजाच्या खोलीतला कॅमेरा

हरिओम,

तनुजाला घेऊन मी उदगीरला तुझ्या बहिणीकडे, कस्तुराकडे चालले आहे. आमच्या दोघींचे फोन ओट्यावर आहेत, उगीच लावत बसू नकोस. वरणभात झाकून ठेवलाय.

पोरगी अभ्यास करते का हे बघायला तू तिच्या खोलीत कॅमेरा बसवलास, तेव्हाच मी कुरकुरले होते. आता तर पुस्तकावर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून झोपलेल्या लेकीचा व्हिडिओ तू घरच्या ग्रुपवर टाकलास! "आमची डॉक्टरीण बघा" म्हणे. तुझ्या साडूच्या पोराने तो तिच्या क्लासभर फिरवला. आता ती क्लासचं नाव काढू देत नाही. आणि वर तू मला विचारतोस, "आई, आपल्याकडं लपवण्यासारखं हायच काय?"

अरे, भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, विसरलास? दाराच्या जागी माझं एक लुगडं टांगलेलं होतं. तरी तुझे अण्णा बाहेर उभे राहून खोकायचे आणि मी "या" म्हटल्यावरच आत यायचे. शेजारपाजारचेही तसंच करायचे. लपवण्यासारखं तेव्हा तरी काय उरलं होतं रे आपल्याकडे?

व्हिडिओ काढून टाक. साडूलाही फोन कर, लाज वाटली तरी कर. कॅमेऱ्यावर मी माझं लुगडं टाकलं आहे. कॅमेरा काढशील तेव्हाच ते काढ.

मग ये आम्हाला न्यायला. कस्तुराचं दार उघडंच असतं. तरी बाहेर थांब आणि खोक. तनुजा "या" म्हणाली, तर आत ये.

आई