चौथ्या उंदराची झोप

मु. पो. घोटावडे, ता. मुळशी

तीर्थरूप हैबतमामांना कैलासचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व ठीक.

मी प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो म्हणून गावात हसतात, पण गेल्या मंगळवारी घडलं ते हसण्यासारखं नव्हतं. उंदरांना भूल द्यायचं जुनं औषध महिनाभर मिळत नव्हतं. म्हणून किमया डॉक्टरांनी (भूगावला राहतात, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील) तीन औषधांचं नवं मिश्रण करून पाहायचं ठरवलं. त्याची सोय अशी, की काम संपलं की उतारा म्हणून वेगळी सुई द्यायची, थोड्या वेळात उंदीर उठतो. एकेकाला ग्रॅमवर तोलून (माझ्या लग्नातलं सोनंसुद्धा इतकं नीट तोललं नव्हतं) चार उंदीर झोपवले. भुलीत त्यांचे डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घालायचं आणि अंग गार पडू नये म्हणून डबे गरम गादीवर ठेवायचे, हे काम माझं.

पहिले दोन उठले. तिसरा तर डब्याच्या भिंतीवर चढायला लागला. चौथा मात्र निपचित. उताऱ्याला पंधरा मिनिटं होऊन गेली. "श्वास मोजत राहा, दादा," म्हणून डॉक्टर वही चाळू लागल्या. नवं मिश्रण रद्द करावं लागणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी त्याला ओंजळीत धरून म्हणत होतो, "ऊठ की रं बाबा, लई झालं." आणि मोजता मोजता माझ्या ध्यानात आलं. गादी सरकवताना डबे मीच इकडचे तिकडे केले होते. उतारा तिसऱ्यालाच दोनदा गेला होता.

गप्प बसलो असतो तर दोष औषधावर गेला असता. नोकरी डोळ्यांपुढे आली, मामा. तरी म्हणालो, "म्याडम, डबा माझ्याकडनं बदलला. ह्याला सुई मिळालीच न्हाई."

त्यांनी लगेच सुई दिली. चौथ्या मिनिटाला मिशी हलली, सातव्याला तो माझ्या बोटाला कडकडून चावला. रक्त आलं, आणि मला रडू फुटलं (दुखलं म्हणून नव्हे). डॉक्टर रागावल्या नाहीत. रजिस्टरात चूक लिहिली, खाली माझी सही घेतली, आणि मिश्रण ठेवायचं ठरलं.

आपला,
कैलास

ता. क. – येत्या सोमवारी पौडला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. सकाळीच या. भूल देणाऱ्याला माझं नाव दोनदा विचारायला लावा.

ता. क. दुसरं – शुभांगीने (तुमच्या भाचेसुनेने) विचारलं तर भाताची लावणी बघायला आलो म्हणा. मी अजिबात घाबरलेलो नाही, असं तिला सांगून बसलोय.